गायरानावर सौर प्रकल्प : ग्रामसभेत काय विचारू?

माणगंगा
शनिवार, रात्री १०:१५

नमस्कार मंडळी, सल्ला हवाय.

गाव माण तालुक्यातलं, नाव मुद्दाम लिहीत नाही. गावाबाहेर ३३/११ केव्हीचं उपकेंद्र आहे आणि त्याला लागून गायरान. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेत त्यातले २५ एकर ५ मेगावॉटच्या प्रकल्पाला द्यायचे, असा विषय २६ जानेवारीच्या ग्रामसभेत येतोय. मी नोकरीमुळे पुण्यात असते, पण मतदार यादीत नाव गावातच आहे. जाणार आहे.

आधीच सांगते, मी सौरच्या विरोधात नाही. आमच्या विहिरीवरच्या मोटारीला एक आठवडा दिवसा वीज, एक आठवडा रात्री. रात्रीची पाळी आली की वडील बॅटरी आणि काठी घेऊन दारं धरायला निघतात, आणि ते परत येईपर्यंत आई झोपत नाही. दिवसा वीज मिळणार असेल तर मला हवीच आहे.

अडचण गायरानाची आहे. कागदावर तो पडीक माळ. प्रत्यक्षात वस्तीवरची सात-आठ धनगर कुटुंबं आखाडापासून दिवाळीपर्यंत त्यावर मेंढरं चारतात. दिवाळी झाली की घोड्यांवर संसार लादून निघतात, ते थेट पावसाच्या तोंडावर परत. जानेवारीत वस्तीवर म्हातारी माणसं आणि कुलुपं. म्हणजे ज्यांचा माळ जाणार ते ग्रामसभेला नसणारच.

सरपंचांना फोन केला तर म्हणाले, "ताई, सौरला जनसुनावणी वगैरे काही नसतं." खरं आहे का हे? कोकणातल्या प्रकल्पांच्या सुनावण्यांच्या बातम्या लहानपणी वाचल्याचं आठवतंय. मग इथंच का नाही? आणि प्रश्न विचारला तर आपण लगेच 'वीज नको' म्हणणाऱ्यांत जमा होतो का?


फ्यूजवायर
शनिवार, रात्री १०:४२

झालं सुरू. कोळसा नको, अणू नको, धरण नको, पवनचक्कीचा आवाज नको, आता सौरपण नको. विरोध करणाऱ्यांच्या घरचं मीटर आधी काढून न्यावं, मग चर्चा.


माणगंगा
शनिवार, रात्री १०:५०

फ्यूजवायर, 'मी सौरच्या विरोधात नाही' हे वाचलंत का? असो.


निवृत्त_वायरमन
रविवार, सकाळी ७:०५

नाव वायरमन असलं तरी आयुष्य उपकेंद्रांत आणि नंतर हेड ऑफिसात गेलं. लेकी, तुझे सरपंच बरोबर सांगतायत.

पर्यावरण परिणामाची जी अधिसूचना आहे, १४ सप्टेंबर २००६ ची, तिच्या यादीत कोळसा आहे, अणुऊर्जा आहे, २५ मेगावॉटच्या वरचं जलविद्युत आहे. सौर पॅनेल आणि पवनचक्की त्या यादीतच नाहीत. यादीत नाव नाही म्हणजे पर्यावरण मंजुरी नाही, मंजुरी नाही म्हणजे अहवाल नाही, अहवाल नाही म्हणजे जनसुनावणी नाही. धुराडं नाही, सांडपाणी नाही, मग कशाला अडवायचं, असा विचार. मला तो तेव्हा पटला होता. सौरच्या वेगाला जी कारणं आहेत त्यात पॅनेलच्या घसरलेल्या किमती पहिल्या, पण परवानग्यांची ही मोकळी वाटही आहे. कोळशाचा नवा संच म्हणजे मंजुरीपासून वीज मिळेपर्यंत सात-आठ वर्षं धरून चालायचं. ५ मेगावॉटचं सौर एका वर्षात उभं राहतं.

आणि उपकेंद्राशेजारीच का, तर लांब लाईन ओढायला नको. तिथंच वीज तयार, तिथंच शेती फीडरला, म्हणजे शेतीपंपांच्या लाईनला. गळती कमी. योजनेचं डोकं चांगलं आहे, यात वाद नाही. खासगी जमीनवाल्याला हेक्टरी वर्षाला १ लाख २५ हजार भाडं, दर वर्षी ३ टक्के वाढ. गायरान मात्र सरकारी, ते नाममात्र भाड्यानं जातं. ग्रामपंचायतीला वर्षाला ५ लाख, ३ वर्षं. आता तूच हिशेब कर, कंपनीला जमीन शोधायची असेल तर ती आधी कुणाच्या दारात जाईल? खातेदार शोधा, वाटण्या बघा, बँकेचा बोजा बघा. त्यापेक्षा गायरान, एकच मालक.

जनसुनावणीबद्दल एक गैरसमज काढून टाकतो. ती झाली असती तरी तिथं हात वर करून प्रकल्प पडत नाही. ३० दिवस आधी नोटीस, मराठीत सारांश, जिल्हाधिकारी अध्यक्ष, चित्रीकरण, आणि जे आक्षेप येतील ते लिहून वर पाठवायचे. लोक मंडपात घोषणा देऊन घसा बसवून घरी जातात. त्यांना वाटतं हाणून पाडलं. इकडं इतिवृत्तात एक ओळ : 'ग्रामस्थांनी विरोध दर्शविला.'


नाटेबंदर
रविवार, सकाळी ९:३०

वायरमनकाका, इतिवृत्तातली ती ओळ अगदी ओळखीची वाटली.

मी राजापूरचा, जैतापूरपासून खाडीपलीकडे. माडबन, मिठगवाणे, करेल, निवेली, वरलीवाडा, या गावांची मिळून ९३८ हेक्टर जमीन घेतली. प्रत्येकी १६५० मेगावॉटच्या ६ अणुभट्ट्या, एकूण ९९००. पर्यावरण मंजुरी नोव्हेंबर २०१० मध्ये आली, ३५ अटींसह. पुढच्या मार्चमध्ये फुकुशिमा. एप्रिलमध्ये आमच्या साखरी नाट्यात गोळीबार, त्यात एक जण गेला. हे सगळं सहा महिन्यांच्या आत.

लोक म्हणतात विरोधामुळे जैतापूर अडलं. मी विरोधात होतो, तरी हे मला पूर्ण पटत नाही. अडलं त्याला फ्रेंच कंपनीचं स्वतःचंच दिवाळं वाजायची वेळ आली हे कारण आहे, अरेवाचा अणुभट्ट्यांचा धंदा पुढे ईडीएफकडे गेला. अपघात झाला तर पुरवठादारावर दावा लावायची सोय २०१० च्या दायित्व कायद्यात होती, ती परदेशी कंपन्यांना नको होती. आणि दर. याच बनावटीची भट्टी फिनलंडमध्ये २००५ ला बांधायला घेतली, ती नियमित वीज द्यायला लागली २०२३ ला. फ्रान्समधली फ्लामानविल २००७ ला सुरू झाली, ग्रीडला जोडली डिसेंबर २०२४ ला. तिथं काही आमचे मच्छीमार आडवे गेले नव्हते.

पण मला सांगायचंय ते वेगळंच. २०१३ ला सरकारनं मोबदला वाढवून हेक्टरी साडेबावीस लाख केला. जमीनवाल्यांपैकी बऱ्याच जणांनी मग चेक घेतले. त्यात मला काही चूक वाटत नाही, जमीन तर आधीच गेली होती. पण आमच्या बंदरावर चेक कुणाला देणार? समुद्राचा सातबारा नसतो. आमचा आक्षेप होता भट्टीतून समुद्रात सुटणाऱ्या कोमट पाण्यावर. नियम म्हणतो मूळ पाण्यापेक्षा ७ अंशांहून जास्त गरम नको. आजोबा म्हणायचे, बांगडा थर्मामीटर बघून येत नाही. तर सांगायचं काय, मोबदल्याच्या यादीत आमचं नाव नव्हतं, म्हणून बाधितांच्या यादीतही नव्हतं.

ताई, तुमच्या मेंढपाळांचं तेच आहे.


माणगंगा
रविवार, सकाळी ९:५२

अगदी हेच. गायरानाच्या सातबाऱ्यावर 'सरकार'. खाली पीक-पाहणीत 'पड'. चारणाऱ्याचा उल्लेखच नाही.


वऱ्हाडी_ठेचा
रविवार, दुपारी १२:१०

कोकणवाले आणि देशावरचे आपापसात रडून घ्या, मंग आमच्याकडं पाहा.

गिर्ये, देवगडला ४००० मेगावॉटचा अतिभव्य प्रकल्प व्हणार होता. हापूसवाले उठले, तो काई झाला नाही. अलिबागजवळ धेरंडला १६०० चा, खारजमिनीतले शेतकरी उठले, तोबी बसला. लई चांगलं झालं बा, अभिनंदन. पण मुंबई-पुण्याचे एसी काही बंद पडले नाहीत ना? ती वीज येते कुठून? चंद्रपूर २९२० मेगावॉट. तिरोडा ३३००. कोराडी, खापरखेडा आहेतच. आमच्याकडं कोळसा हाय म्हणून इथंच जाळा, असं म्हणतात, आणि ते अर्ध खरंबी हाय. उरलेलं अर्ध असं का आमच्याकडं हापूस नाही.

२९ मे २०२३ ला कोराडीत आणखी २ संचांची, ६६०-६६० ची, जनसुनावणी झाली. मी गेलो होतो. मे महिन्यातली नागपूरची दुपार, मंडपात कूलर पुढच्या रांगेला. नागपूरकरांनी विरोधात बोलून घेतलं, रोजगार पाहिजे म्हणणारेबी होते, त्याइची गरजबी खोटी नाही. आदल्याच वर्षी जुलैत खसाळ्याचा राखेचा बंधारा फुटून राख शेतात अन् नाल्यात गेली होती. एक म्हातारा बाटलीत ते पाणी घेऊन आला होता. टेबलावर ठेवली त्यानं बाटली. साहेबानं पाहिली, मंग हळूच बाजूले सरकवली, कागद ओले होतील म्हणून.

संच काही थांबले नाहीत.


फ्यूजवायर
रविवार, दुपारी १२:३१

ठेचाभाऊ, हे पटलं. म्हणजे विरोध यशस्वी झाला की प्रकल्प नाहीसा होत नाही, ज्याचा आवाज लहान त्याच्या दारात जाऊन बसतो. मी हेच तर म्हणत होतो, फक्त वाईट शब्दांत.


गुहागरी
रविवार, दुपारी ३:२०

वाढलेलं वय सांगून टाकतो : मी एन्रॉनच्या दाभोळ वीज प्रकल्पाच्या वेळचा. तेव्हा अंजनवेल, वेलदूरची बायामाणसं रस्त्यावर होती. आमचा विरोध दोन पायांवर उभा होता. एक जागेचा, मासेमारीचा, पाण्याचा. दुसरा दराचा.

जागेवरचा विरोध हरला. पोलीस आले, कुंपण झालं, प्रकल्प उभा राहिला. करार डिसेंबर १९९३ चा, १९९५ ला युती सरकारनं रद्द केला आणि काही महिन्यांत वाटाघाटी करून मोठा करून परत आणला. १९९९ च्या मे महिन्यात ७४० मेगावॉट नाफ्थ्यावर सुरू. दर डॉलरला बांधलेला, वीज घ्या न घ्या पैसे मोजा. पुण्याच्या 'प्रयास'नं हे आकडे सुरुवातीपासून मांडले होते, पण ते ऐकून घ्यायला कायद्यानं बसवलेलं कुणी नव्हतंच. राज्य वीज नियामक आयोग आला १९९९ ला, करारानंतर ६ वर्षांनी. २००१ च्या मे महिन्यात राज्य वीज मंडळानं वीज घेणं थांबवलं आणि डिसेंबरात एन्रॉन अमेरिकेत बुडाली.

गंमत बघा. आम्ही कुंपणापाशी आडवे पडून जे झालं नाही, ते बिलानं केलं. तेव्हापासून मी तरुणांना सांगतो, घोषणा द्या, पण करार मागा. किती वर्षांचा, दर काय, कंपनीनं विकला तर कोण जबाबदार. तो प्रकल्प नंतर रत्नागिरी गॅस म्हणून सुरू झाला, गॅस आटला तेव्हा पडून राहिला, रेल्वेला ५०० मेगावॉट द्यायला लागला. चार बारशी झाली त्याची. गावातल्या पोरांना लागलेल्या नोकऱ्या मोजायला मात्र दोन हातांची बोटं पुरतात.

आणि ठेचाभाऊ, कोकणातला प्रत्येक विरोध जिंकला असं नाही. जयगडला १२०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प आंबेवाल्यांच्या नाकावर टिच्चून उभा आहे.


संपादक मंडळ
रविवार, दुपारी ३:५०

राजकीय पक्षांवरचे दोन प्रतिसाद उडवले आहेत. धागा गायरानावर राहू द्या.


चिकूवाडीकर
रविवार, रात्री ८:४०

बऱ्याच दिवसांनी लॉगिन केलंय ते फक्त या धाग्यासाठी. सगळे 'झाला की नाही झाला' यावरच बोलताहेत. डहाणूची गोष्ट 'झाला, पण कसा' याची आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

आमच्याकडे ५०० मेगावॉटचा कोळशाचा प्रकल्प १९९५ पासून चालू आहे. विरोध झाला, कोर्टकचेऱ्या झाल्या, प्रकल्प थांबला नाही. पण जून १९९१ ला केंद्रानं डहाणू तालुका पर्यावरणदृष्ट्या नाजूक म्हणून जाहीर केला होता आणि त्याची अंमलबजावणी होत नाही म्हणून लोक सर्वोच्च न्यायालयात गेले. ऑक्टोबर १९९६ ला निकाल आला. त्या निकालामुळे डिसेंबरमध्ये डहाणू तालुका पर्यावरण संरक्षण प्राधिकरण स्थापन झालं. अध्यक्ष न्यायमूर्ती चंद्रशेखर धर्माधिकारी. ते २०१९ च्या जानेवारीत गेले, तोवर अध्यक्ष तेच.

आता प्राधिकरण म्हणजे कंटाळवाणा शब्द. पण फरक बघा. जनसुनावणी एका दिवसाची असते, हे मंडळ कायम होतं. १९९९ ला त्यांनी कंपनीला सांगितलं, धुरातला गंधक धुऊन काढायचं संयंत्र लावा. कंपनी म्हणाली गरज नाही, कोळशात गंधक कमी आहे, खर्च फार. पुढची तारीख. मग तंत्रज्ञान निवडतोय. पुढची तारीख. आमचे बाबा त्या तारखांना जायचे. खिशात चिकूची पानं, वहीच्या कागदात दाबलेली, वर्ष लिहून. ती पानं पुरावा म्हणून कुणी घेतली नाहीत, आणि त्यांनाही ते ठाऊक होतं. पण दर तारखेला नवीन पान असायचं. चिकूचं पान जाड आणि गुळगुळीत असतं, बोट फिरवलं की बोटाला काय लागतं ते लगेच कळतं.

२००७ ला संयंत्र सुरू झालं. समुद्राच्या पाण्यानं धूर धुणारं. ८ वर्षं लागली, पण लागलं. तेव्हा देशातल्या कोळशाच्या बहुतेक केंद्रांवर अशी सोय नव्हती. गंधकाची मर्यादा सगळ्या देशाला लागू झाली डिसेंबर २०१५ ला. मग मुदतवाढ, मुदतवाढ, आणि २०२५ च्या जुलैत शहरांपासून लांबच्या बहुतेक केंद्रांना या संयंत्रातून सूटच मिळाली. ठेचाभाऊ, तुमच्या बाटलीचं उत्तर मला इथं दिसतं. तुमच्याकडे विरोध कमी पडला असं नाही. तुमच्याकडे परत परत तारीख देणारं कुणी नव्हतं.

फार गोड चित्र नको म्हणून हेही लिहिते : ज्या प्राधिकरणानं १९९८ ला वाढवण बंदर नाकारलं होतं, त्यानंच २०२३ च्या जुलैत परवानगी दिली. माणसं बदलली की खुर्चीही बदलते. बाबांनी मग वही कपाटात टाकली.


नाटेबंदर
रविवार, रात्री ९:०२

दंडवत. पानांच्या वहीला.


वऱ्हाडी_ठेचा
रविवार, रात्री ९:१५

तारीख देणारं कुणी नव्हतं. बरोबर बोलल्या ताई.


कोयनाकाठ
सोमवार, सकाळी ६:५०

आमचं पाटण. थोडं उलट्या बाजूनं लिहितो : सरकारी आकडा विजेची जात कशी बदलतो ते.

कोयनेचं पाणी पश्चिमेला वळवून पोफळीत पाडायचं आणि वीज करायची. पण ते पाणी कृष्णेचं, खाली कर्नाटक, आंध्र. म्हणून कृष्णेच्या पाणीवाटपाच्या १९७६ च्या बच्छावत निवाड्यानं वर्षाला ६७.५ टीएमसीची मर्यादा घातली. धरण १०५ टीएमसीचं, पण विजेला एवढंच. मग काय केलं? चौथा टप्पा बांधला, १००० मेगावॉट वाढवले, कोयना १९६० वर नेली. पाणी तेवढंच! रोज संथपणे चालणारं केंद्र संध्याकाळी दोन-चार तास जोरात चालणारं केंद्र झालं. १ जूनला हिशेब नव्यानं सुरू होतो, आणि एप्रिल-मेमध्ये कोटा किती उरला याच्या बातम्या आमच्याकडं सोन्याच्या भावासारख्या वाचतात.

आता सौर वाढतंय, दिवसा वीज रग्गड, संध्याकाळी अंधार. म्हणून घाटात उदंचन प्रकल्प येताहेत, दिवसा पाणी वर चढवायचं, रात्री खाली सोडायचं. तारळी, पाटगाव, भिवपुरी, शिरवता, नावं ऐकाल. पाटगावला भुदरगडचे शेतकरी उठलेत, 'आमच्या मौनीसागराचं पाणी घेऊ नका' म्हणून. म्हणजे ताई, तुमच्या माळावरच्या पॅनेलच्या दुसऱ्या टोकाची गाठ आमच्या डोंगरात पडते.

बाकी कोयनेच्या धरणग्रस्तांपैकी काहींचा जमिनीचा प्रश्न अजून मिटलेला नाही. ते लिहायला बसलो तर वेगळा धागा लागेल.


अवांतरवाली
सोमवार, सकाळी १०:२५

अवांतर, पण सातबाऱ्याच्या मुद्द्याला धरून. मुळशीत १९२१ च्या रामनवमीला टाटांच्या धरणाविरुद्ध सत्याग्रह सुरू झाला, तेव्हाही गाठ इथंच होती. बऱ्याच जमिनींवर पुण्याच्या सावकारांचा ताबा. त्यांना रोख मोबदला चालण्यासारखा होता, कसणाऱ्या मावळ्यांना जमीनच हवी होती. सेनापती बापट तुरुंगात गेले, धरण झालं, १९२७ ला भिऱ्याला वीज सुरू झाली. मुंबईच्या गिरण्या, लोकल त्यावर चालल्या. मीही त्याच लोकलनं जाते, त्यामुळे फार नाक वर करत नाही.


इसारकाठ
सोमवार, दुपारी २:००

म्यूनिकजवळून. इथं जर्मनीच्या बायर्न प्रांतात २०१४ ला नियम आला : पवनचक्कीच्या उंचीच्या १० पट अंतर घरांपासून हवं. २०० मीटरची चक्की, तर २ किलोमीटर. दर २ किलोमीटरवर चर्च असलेल्या प्रांतात याचा अर्थ काय ते सांगायला नको. अर्ज जवळजवळ आटलेच. पुढं एप्रिल २०२३ ला शेवटच्या अणुभट्ट्या बंद झाल्या, त्यातली एक आमच्याच नदीवर. त्याआधी, युक्रेनच्या युद्धानं गॅस महागल्यावर, नियम बराच सैल करावा लागला. उत्तरेच्या वाऱ्याची वीज आणणारी मोठी लाईन लोकांच्या विरोधामुळे जमिनीखालून न्यायचं ठरलं, खर्च आणि वेळ दोन्ही वाढले.

एक घेण्यासारखं : चक्कीपासून अडीच किलोमीटरच्या आतल्या गावांना युनिटमागे ०.२ सेंट देता येतात. तीन वर्षांपुरते नाहीत, प्रत्येक युनिटमागे. तुमच्या ठरावात असं काही घालता येईल का?


म्हादईचो_पूत
सोमवार, संध्याकाळी ६:१०

गोव्याची मोठी वीजनिर्मिती नाहीच, वीज बाहेरून येते, म्हणून आमचा तंटा लाईनवर. मोलेच्या अभयारण्यातून ४०० केव्हीची नवी लाईन जाणार होती. लोक रात्री मेणबत्त्या घेऊन उभे राहिले. न्यायालयानं नेमलेल्या समितीनं २०२१ ला सुचवलं, की आधीपासून असलेल्या २२० केव्हीच्या पट्ट्यातूनच न्या, आणि २०२२ ला सर्वोच्च न्यायालयानंही ते धरलं. लाईन रद्द नाही, वाट बदलली. ताई, 'नको' म्हणण्यापेक्षा 'इथून न्या' म्हणणारा नकाशा हातात असेल तर ऐकतात. नेहमी नाही. कधीकधी.


निवृत्त_वायरमन
सोमवार, रात्री ८:३०

लेकी, आता कामाचं. लिहून घे.

सर्वोच्च न्यायालयाचा २८ जानेवारी २०११ चा जगपाल सिंग निकाल आणि त्यानंतर आपल्या राज्याचा १२ जुलै २०११ चा शासन निर्णय. गावाच्या सामाईक जमिनी वाटू नका, गायरान सार्वजनिक कामालाच आणि दुसरी जमीन नसेल तरच. सौर सार्वजनिक कामात बसवतात, त्यामुळे यानं प्रकल्प पडेल असं मी म्हणत नाही. पण 'दुसरी जमीन पाहिली का' हा प्रश्न लेखी विचारायला तुला आधार आहे.

गणपूर्ती बघ, म्हणजे सभेला कमीतकमी किती मतदार हजर हवेत ते. एकूण मतदारांच्या १५ टक्के किंवा १००, यातलं जे कमी ते. आणि हे खास लक्षात ठेव : गणपूर्तीअभावी सभा तहकूब झाली, की पुढच्या तहकूब सभेला गणपूर्ती लागत नाही. २६ ला लोक आले नाहीत म्हणून जिंकलो असं समजून पुण्याची गाडी पकडू नकोस.

पाणवठा, मेंढरांची वाट, देवाची जागा, हे मोजणीच्या नकाशावर लाल पेनानं काढून ने.


माणगंगा
२७ जानेवारी, रात्री ११:३०

काका, अगदी तसंच झालं. सह्या ६२. सभा तहकूब.

पण एक काम झालं. दोन दिवस आधी वडिलांबरोबर माळावर गेले. मला वाटायचं माळ म्हणजे माळ. वडिलांनी दाखवलं, ओढ्याच्या कडेला दगडांनी बांधलेला जुना पाणवठा आहे, त्याच्यावरून पूर्वेकडं मेंढरांच्या खुरांनी खडक चक्क गुळगुळीत झालेली वाट आहे, आणि बिरोबाचं ठाणं. तिन्ही नेमकी त्या २५ एकरांत. ठाण्यामागं पश्चिमेला १० एकर नुसता कातळ, तिथं कुसळही उगवत नाही, आणि तो प्रस्तावात नाही, कारण उपकेंद्रापासून अर्धा किलोमीटर जास्त. मोबाईलवर पावलं मोजून नकाशा काढलाय. लाल पेननं.

मेंढपाळांपैकी एक काका बारामतीच्या बाजूला उसाच्या फडात बसलेत. त्यांना फोन केला. दोनदा सांगावं लागलं, शेतात खत म्हणून मेंढरं बसवायच्या गडबडीत होते. म्हणाले, "पाण्याचं बघ. बाकी आमी हिंडतोच की."


फ्यूजवायर
२८ जानेवारी, सकाळी ८:००

मीटर काढायचं वाक्य मागे घेतो. नकाशा इथं टाका की.


माणगंगा
१४ फेब्रुवारी, रात्री ९:२०

तहकूब सभा झाली. ३४ माणसं. कंपनीकडून एक मुलगा आला होता, माझ्याच वयाचा, चांगला बोलत होता. कातळाचं विचारल्यावर म्हणाला, लाईनचा खर्च वाढेल, पण वर विचारतो.

ठराव : २५ ऐवजी १७ एकर, त्यातले ७ कातळावरचे. पाणवठा, वाट आणि ठाणं कुंपणाबाहेर. १७ एकरांत मेगावॉट ३ च्या आसपास बसतील, त्यामुळे आमच्या फीडरला दिवसाची वीज पूर्ण मिळेल का, हे त्या मुलालाही सांगता आलं नाही. वडील यावर नाराज आहेत. घरी येईपर्यंत बोलले नाहीत. त्यांचंही चूक नाही, रात्री त्यांनाच जायचंय.

इसारकाठ, युनिटमागचा वाटाही मांडला होता. ग्रामसेवक म्हणाले, योजनेत तरतूद नाही, ठरावात लिहिता येणार नाही. मी म्हटलं, मागणी म्हणून लिहा. ते म्हणाले, बघतो. मेंढपाळांची नावं 'बाधित' म्हणून लिहा म्हटलं, तर पुन्हा तेच, बघतो.


निवृत्त_वायरमन
१४ फेब्रुवारी, रात्री ९:४१

'बघतो' म्हणजे लिहिलेलं नाही. ठरावाची नक्कल घे, सही-शिक्क्यासकट. सोमवारी नको, उद्याच जा.


चिकूवाडीकर
१४ फेब्रुवारी, रात्री ९:५५

आणि एक वही कर.